उतरायचं नेरळला, जायचं दुसरीकडे

नाताळच्या आठवड्यात निम्मी मुंबई नेरळ स्टेशनवर उतरते आणि त्यातलं एकही माणूस नेरळला आलेलं नसतं. कोणाला माथेरानला जायचं असतं, कोणाला कळंब रोडवरच्या फार्महाउसवर, कोणाला पेठच्या किल्ल्यावर, तर कोणाला खांडसवरून भीमाशंकरला. आपण जिन्याकडे ज्या नजरेने बघतो त्या नजरेने ही मंडळी नेरळकडे बघतात. असावा लागतो, पायाखाली येतो, पण जिन्यात मुक्काम कोणी करत नाही.

आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. ही परंपरा फार जुनी आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना थंड हवेची जागा सापडली. ते चढले चौकच्या बाजूने. म्हणजे माथेरानच्या पहिल्याच पर्यटकाने नेरळला वळसा घातला होता. पुढे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, नेरळला गाड्या थांबू लागल्या आणि डोंगरावर जाणारा प्रत्येक जण आमच्या दारावरून जायला लागला.

त्यातच एकदा मुंबईचे बडे व्यापारी आदमजी पीरभॉय आले. गोष्ट अशी सांगतात की शेठजी नेरळला उतरले, वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, आणि एवढा मोठा माणूस हात हलवत मुंबईला परत गेला. जाताना म्हणाला, आता इथून गाडीच सुरू करतो. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ मध्ये काम काढलं, सोळा लाख रुपये ओतले आणि १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून गाडी वीस-एकवीस किलोमीटरची वळणं घेत माथेरानला नेऊन पोचवली. आजही नाताळच्या आठवड्यात टॅक्सी स्टँडवर वाहन मिळत नाही म्हणून संतापलेले शेकडो आदमजीशेठ उभे असतात. पण त्यातला एकही घरी जाऊन रेल्वे बांधत नाही. फार तर मोबाइलवर एक स्टार देतो.

नेरळच्या चाकरमान्याची सुट्टी मात्र स्टेशनवर सुरू होत नाही, अंथरुणात सुरू होते. वर्षभर हा माणूस अंधारात घर सोडतो आणि कर्जत लोकलने दोन तास मुंबईकडे जातो, तेवढेच तास परत येतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गजर न लावताही तो नेमक्या वेळी जागा होतो. दूर भिवपुरीच्या बाजूला भोंगा वाजतो. पडल्यापडल्या तो कान देतो, आज सात मिनिटं लेट. मग गाडी खडखडत निघून जाते आणि हा चादर कानावर घेत मनाशी म्हणतो, आता वांगणी... आता बदलापूर... आता तिथे दारात मारामारी चालू असेल. दुसऱ्याच्या खांद्याला लागलेल्या धक्क्याने आपल्याला अंथरुणात इतकं सुख होऊ शकतं, हे कुठल्याही संतांनी लिहून ठेवलेलं नाही. कदाचित त्यांच्या काळी लोकल नव्हती म्हणून असेल.

हे सुख नऊ वाजेपर्यंत टिकतं. मग त्याला चुकल्यासारखं होऊ लागतं. घरात त्याला कामं सांगितली जाण्याचा धोकाही असतो. तो सदरा चढवतो आणि “जरा येतो” म्हणून निघतो. कुठे? स्टेशनवर. बायको विचारते, “आज सुट्टी ना?” हा म्हणतो, “पास काढलाय महिन्याचा. वसूल नको व्हायला?”

नेरळ स्टेशनवर ऊन पडतं हे त्याला याच आठवड्यात कळतं. एरवी त्याने ते कायम ट्यूबलाइटमध्येच पाहिलेलं असतं. आता तो चहाचा ग्लास घेऊन बाकावर बसतो. शेजारी त्याच्यासारखेच गाडी न पकडणारे आणखी चार जण बसलेले असतात. समोर मुंबईहून लोकल येते आणि खेळ सुरू होतो.

आधी उतरतात चाकांच्या बॅगा. नेरळचा पूल, पुलाच्या पायऱ्या आणि त्यानंतरचा रस्ता या बॅगांनी कधी पाहिलेला नसतो. पहिल्या पायरीपर्यंत बॅग माणसाला ओढते, दुसरीपासून माणूस बॅगेला. मग येतो कॉलेजचा घोळका, त्यात एकाच्या पाठीवर गिटार. ही गिटार दरवर्षी येते, पण ती वाजल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मग नवं जोडपं. त्याच्या अंगावर फोटोसाठी घेतलेलं लोकरीचं जाकीट, खाली ऊन बत्तीस अंशांचं. आणि शेवटी एक मोठं एकत्र कुटुंब. त्यातले काका टॅक्सीवाल्याशी भाव करणार असतात, काकू त्यांना करू देणार नसतात, आणि आजी मधल्यामध्ये डबा उघडून बसलेली असते.

“मिनी ट्रेन का टिकट किधर मिलेगा?” या प्रश्नासाठी आम्ही वर्षभर थांबलेलो असतो. पाचही जण एकदम उठून हात करतात, पाच दिशांना. यात कुणी खोटं सांगत नाही. एक जण खिडकी दाखवतो, दुसरा खिडकीपासून सुरू झालेली रांग, तिसरा रांगेचं शेपूट, चौथा गाडी उभी असते तो छोटा फलाट. आणि पाचवा सरळ टॅक्सी स्टँड दाखवतो, कारण त्या शेपटाला तिकीट मिळायचं नाही हे त्याला बसल्या जागी दिसत असतं. डबे इवलेसे, माणसं अफाट.

मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा सुरू होते. २०१९ च्या पावसाने तिचा मार्गच वाहून नेला आणि पुढे तीन वर्षं ती नेरळहून वर गेली नाही. थेट २०२२ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ती परत डोंगर चढू लागली. त्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त हळहळ जन्मात कधी तिच्यात न बसलेल्या नेरळकरांनी केली. गाडी सुटली त्या दिवशी टाळ्या वाजवायलाही तेच पुढे होते. तिकीट काढून आत बसायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. “आपलीच आहे, जाऊ कधीतरी,” असं म्हणत माणसं रिटायर होतात.

खरं सांगायचं तर अस्सल नेरळकर माथेरानला दोनदाच जातो. एकदा चौथीच्या सहलीत आणि एकदा बायकोच्या माहेरचे आले की. बाकी ज्ञान त्याने ऐकून मिळवलेलं असतं. पण जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं तो रोज त्यावरून जात असल्यासारखी सांगतो. वाटेत एकच बोगदा आहे आणि तो इतका आखूड की गाडी त्यातून जाईस्तोवर एकदाच मुका घेता येतो, म्हणून साहेबांनी त्याला ‘वन किस टनेल’ म्हटलं. ही माहिती आम्ही नव्या जोडप्यांना उत्साहाने देतो. सोबत आजी असली तर त्याचं नाव ‘छोटा बोगदा’ असतं.

डिसेंबरच्या वीस तारखेनंतर डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन येतो. “अरे, सहज. आठवण आली.” अकरा महिने या माणसाला ही आठवण येत नाही. आम्हीही ओळखून असतो, पण आमच्याही घरात तेव्हापासून गाद्या उन्हात पडायला लागतात. चोवीसला तो सहकुटुंब येतो. दारात चपला काढण्याआधी परसात जातो, कमरेवर हात ठेवतो, छाती फुगवतो आणि म्हणतो, “हवा! काय हवा आहे राव तुमच्याकडे!” नेमक्या त्याच क्षणी शेजारणीने पालापाचोळा पेटवलेला असतो. तो खोकतो आणि म्हणतो, “शुद्ध आहे पण.”

दुसरं वाक्य ठरलेलं, “तुमचं बरंय बाबा, कायमचीच सुट्टी.” हे तो ज्याला म्हणतो तो माणूस त्याच्यापेक्षा तासभर आधी उठून, त्याच्याच डोंबिवलीवरून उभ्याने जात असतो. पण वाद कशाला. पाहुणा आहे.

पाहुण्यांचं माथेरान एका दिवसात आटपतं. दस्तुरीला गाडी सोडायची, पुढे गाड्यांना बंदी, मग घोडा की पायी यावर भांडायचं, दोन पॉइंट बघायचे, माकडाला एक पिशवी द्यायची (मागितलेली नसली तरी), आणि चिक्की घेऊन अंधारायच्या आत खाली. खरी मजा दुसऱ्या दिवशी असते. सकाळी आई भिजवून मोड आणलेल्या कडव्या वालाची परात मधोमध ठेवते आणि म्हणते, “चला, बसा सोलायला.”

कडवे वाल हे आमच्या बाजूचं धन. भात कापून झालं की शेतात राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचे. पाणी नको, खत नको, थंडी आणि दंव पुरतं. पण त्यांचं बिरडं खायचं तर आधी एकेका दाण्याचं साल काढावं लागतं, आणि ते काढताना हात असे बुळबुळीत होतात की फोनला लावता येत नाहीत. चुलतभावाचा मुलगा पुण्यात कसल्याशा कंपनीत आहे, काय करतो हे त्यालाही नीट सांगता येत नाही. तो परातीसमोर बसला की दहा मिनिटं फोनकडे बघत राहतो. फोन वाजतो, थरथरतो, गप्प होतो. मग पोरगा हळूहळू माणसात येतो. “आजी, हे तुझ्या लहानपणीही असंच सोलायचे?” असं विचारतो. त्यानंतर आजी जी सुरू होते ती परात संपली तरी थांबत नाही. कोणाची गाय उल्हास नदीच्या पुरात गेली, कोणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, कोणत्या आत्याने कोणाला हाकललं, सगळा पसारा बाहेर येतो. आमच्या घराण्याचा जेवढा इतिहास मला माहीत आहे तो सगळा वालाच्या सालांबरोबर जमिनीवर पडलेला मी वेचलेला आहे.

वाल सोलणं फुकट आहे म्हणून त्याची किंमत नाही. नेरळजवळच्या मालेगावच्या सगुणा बागेत हेच गाव पद्धतशीर दाखवतात. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आले, वडिलोपार्जित शेतीत उतरले आणि महाराष्ट्रात शेतीपर्यटन हा शब्द रुळायच्या आधीपासून लोकांना शेतावर बोलावू लागले. नांगरणी-लावणीशिवाय भात पिकवायचं त्यांचं ‘सगुणा राइस तंत्र’ शेतकऱ्यांना ठाऊक आहे; मुंबईकरांना म्हैस ठाऊक आहे. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसलेल्या आपल्या बाळाचा फोटो काढताना बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो आमच्या बापांच्या चेहऱ्यावर कधीही नव्हता. आम्ही म्हशीवर बसलेले दिसलो की ते काठी घेऊन यायचे. काळ बदलला तो असा.

फार्महाउस ही आणखी एक जात. पूर्वी नेरळभोवती भाताची खाचरं होती, आता खाचरांत पाट्या उगवतात. जी ती इमारत ‘माथेरान व्ह्यू’. पहिल्या माथेरान व्ह्यूमधून खरंच माथेरान दिसायचं. मग समोर दुसरं माथेरान व्ह्यू झालं. आता पहिल्यातून दुसरं दिसतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि तिसऱ्यातून बांधकामाची क्रेन. डोंगर बिचारा आहे तिथेच आहे. या घरांना वर्षभर कुलूप आणि नाताळच्या आठवड्यात रोषणाई. मालक आला की पहिल्यांदा रखवालदाराला विचारतो, “साप वगैरे नाही ना?” रखवालदार “नाही साहेब” म्हणतो. साप असतात, पण त्यांनाही या आठवड्यात तिथे थांबवत नाही.

पत्ता विचारणाऱ्यांच्या गाड्या नेरळच्या हुतात्मा चौकात अडतात. काच खाली होते, “फार्महाउस किधर?” आम्ही सांगतो. आता हुतात्मा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगू. माथेरानचे भाई कोतवाल आणि नेरळजवळच्या मानिवलीचे हिराजी पाटील. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला दोघे सिद्धगडावर गोळ्या झेलून गेले. एकतीस तारखेच्या जागरणाने सगळी मुंबई झोपलेली असते, आणि त्यानंतर एका दिवसाने इथली माणसं पहाटेच्या गारठ्यात सिद्धगडाची वाट धरतात. सांगायला दोन मिनिटं लागतात, पण मागची गाडी हॉर्न वाजवत असते.

थंडीबद्दल बोलायला हवं, कारण नेरळात या दिवसांत दुसरं कोणी काही बोलत नाही. “यंदा थंडीच नाही” हे वाक्य एक डिसेंबरला सुरू होतं आणि कानटोपी घालून, शेकोटीला हात धरून, दात वाजवत उच्चारलं जातं. ज्येष्ठ नागरिकांच्या मते खरी थंडी त्यांच्या तरुणपणी पडायची, तेव्हा खोबरेल तेलाची बाटली शेकोटीजवळ ठेवावी लागे. बाटली आजही ठेवावी लागते, पण ते तेलाची भेसळ मानतात.

आणि क्रिकेट. भात कापलेल्या शेतात ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी तयार होते आणि पंचक्रोशीत टेनिस बॉलचे सामने लागतात. कसोटी सामन्यात मैदान बघायचं असतं, इथे मैदान नुसतं ऐकायचं. स्पीकर चार गावांना पुरेल असा. “गोलंदाज धावत येतोय... आणि... पांढऱ्या गाडीचे मालक जिथे कुठे असतील त्यांनी गाडी काढावी, ट्रॅक्टर अडलाय... आणि चेंडू सीमापार! या षटकारासाठी आपले सरपंच साहेब यांच्याकडून शंभर रुपये रोख! टाळ्या!” टाळ्यांत पुढचा चेंडू होऊन जातो आणि त्यावर कोण बाद झालं हे कोणालाच सांगता येत नाही. फलंदाजही विचारून घेतो. आमचा पुण्याचा पुतण्या इंटरनेटवर जगातले सामने बघतो, पण इथे तो दोन तास बांधावर उभा राहिला. “कोण जिंकलं?” विचारलं तर म्हणाला, “माहीत नाही. पण ट्रॅक्टर निघाला.”

एकतीस तारखेची रात्र मात्र पोपटीची. रायगडाबाहेरच्या वाचकाने पक्षी डोळ्यांसमोर आणू नये. पोपटी म्हणजे मडक्यात, पाण्याचा थेंब न घालता, आगीत भाजलेल्या वालाच्या शेंगा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला. हे झुडूप शेताच्या कडेला आपोआप उगवतं आणि एरवी त्याला कोणी विचारत नाही. त्यावर शेंगा, मीठ, ओवा. मधे बटाटे, रताळी, अंडी. ज्यांना चालतं त्यांची केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा भांबुर्डा कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं, भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं. डिसेंबरअखेर शेंगा नुकत्या भरायला लागलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या शेंगा महाग आणि कोणाच्या शेतातून आणल्या हे विचारायचं नसतं.

पोपटीला सामान कमी लागतं, सल्लागार जास्त. मडकं भरायला एक, आग लावायला एक, आणि “असं नाही” म्हणायला अकरा. आमचे तात्या खुर्ची टाकून बसतात. मीठ घातलं का, विचारलं तर तिघे म्हणतात घातलं. तात्या विचारतात, “तिघांनी घातलं?” यावर शांतता पसरते. मग आग किती वेळ ठेवायची यावर दोन तट पडतात. मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन पाणी उडून गेलं की झाली, हा नियम सगळ्यांना मान्य. चर्र झालं की नाही हे मात्र ऐकू येत नाही, कारण पलीकडच्या फार्महाउसवर डीजे लागलेला असतो.

यंदा डीजे मध्येच बंद पडला. लाइट गेली असावी. अंधारात आमचं मडकं फुटल्यासारखं उघडलं आणि भांबुर्ड्याचा तो धुरकट, ओव्याचा वास बांध ओलांडून गेला. पाठोपाठ बांध ओलांडून तिकडचे पाच-सहा जण मोबाइलच्या उजेडात आले. एक जण म्हणाला, “अंकल, ये क्या बन रहा है?” तात्या म्हणाले, “बसा.” ते बसले. पेपरवर ओतलेल्या शेंगा तोंडाने ओढून दाणे खायचे कसे, हे त्यांना आमच्या पोरांनी शिकवलं. मीठ तिघांनी घातलेलं होतं, हेही त्यांनी गोड मानून घेतलं. बारा वाजले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. लांब कुठे फटाके वाजले तेव्हा त्यातली एक मुलगी अंड्याचं कवच काढता काढता “अरे, हॅपी न्यू इयर” म्हणाली.

जाताना त्यांच्यातल्या एकाने पाकीट काढलं. “अंकल, पर पर्सन कितना?”

असा प्रश्न आमच्या शेकोटीला कोणी कधी केला नव्हता. तात्या हसले आणि हात जोडून “काही नाही हो” म्हणाले. पण मी बघत होतो, रिक्षा चालवणाऱ्या भाच्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात शेंगांचा भाव, मडकी आणि माणशी आकडा मांडत होता.

त्या रात्रीपासून आमच्यात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, पुढच्या वर्षी रस्त्याला पाटी लावायची, ‘अस्सल गावरान पोपटी, ऑर्डर आधी द्यावी’. दुसऱ्याचं म्हणणं, मग आपण खायचं कधी? जानेवारीभर, उरलेल्या शेंगा भाजत, यावर रोज बैठक झाली. तात्या दुसऱ्या पक्षाचे पुढारी, पण त्यांचा विरोध हल्ली मवाळ झालाय. परवा तर ते स्वतःच म्हणाले की पाटी लावायची असेल तर लावा, पण नाव नीट ठेवा, आणि खुर्ची माझीच राहील.

भाच्याने नाव सुचवलंय ‘माथेरान व्ह्यू पोपटी’. रात्री तिथून माथेरान दिसत नाही, दिवसाही दिसत नाही, हे त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, “मग काय झालं? कुठून दिसतं?”